रांजणाच्या तळाशी

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाचे नियम चालले असताना एक श्लोक मध्येच पाण्याकडे वळतो. आश्रमाची बाहेरची खूण अंगावर मिरवली म्हणजे धर्म घडला असं होत नाही, हे स्मृतिकाराला सांगायचं आहे. त्यासाठी तो कतकाच्या फळाचा दाखला देतो. हे फळ पाणी स्वच्छ करतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेऊन पाणी निवळत नाही, असा श्लोकाचा आशय आहे.

कतक म्हणजे आपली निवळी. ज्या क्रियापदावरून आपण आभाळ निवळलं म्हणतो, भांडणानंतर वातावरण निवळलं म्हणतो, तेच मराठीने या झाडाला नाव म्हणून दिलं.

पुढे कालिदासालाही हे फळ आठवलं. मालविकाग्निमित्राच्या दुसऱ्या अंकात त्याने म्हटलं आहे की जाणत्यांच्या सहवासात मंद माणूसही तरतरीत होतो, जसं चिखल छाटणाऱ्या फळाच्या घासण्याने गढूळ पाणी नितळ होतं. तिथे फळाचं नावसुद्धा घेतलेलं नाही. ‘पंक छाटणारं’ एवढ्यावर प्रेक्षकाला कळावं, अशी त्याची खात्री. मग शंकराचार्यांच्या नावावर असलेला ‘आत्मबोध’. त्यात ज्ञान अज्ञानाचा मळ काढतं आणि काम झालं की स्वतःही नाहीसं होतं, पाण्यात टाकलेल्या निवळीच्या पुडीसारखं.

एकाचा विषय धर्मशास्त्र, दुसऱ्याचा नाटक, तिसऱ्याचा वेदान्त. तिघांनी दाखल्यासाठी एकच बी उचललं आणि तिघांपैकी एकानेही त्या बीची माहिती दिली नाही. द्यायची गरजच नव्हती. दाखला घ्यायचा तो ऐकणाऱ्याच्या घरातल्या वस्तूचा. तरीही तिघांचं बोलणं एकत्र ठेवलं तर पाणी निवळवण्याची अख्खी कृती हाती येते. बी नुसतं जवळ असून उपयोग नाही, ते वापरावं लागतं. वापरायचं म्हणजे घासायचं. आणि घासून उतरलेली पूड गाळाबरोबर तळाशी जाते, पाण्यात तरंगत राहत नाही. या तिसऱ्या गोष्टीचं मला विशेष वाटतं. ती लिहिणाऱ्याने रांजणाचा तळ पाहिला असणार, किंवा पाहणाऱ्याकडून ऐकलं असणार.

रांजण भरणाऱ्यांनी मात्र काहीच लिहून ठेवलं नाही. घरातल्या पाण्याचा इतिहास शोधायला निघालं की असा उपमांमधूनच वेचावा लागतो.

वैद्यांनी थोडी अधिक नोंद ठेवली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, ४५व्या अध्यायात, गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू दिल्या आहेत: कतक, गोमेद, कमळाच्या देठाची गाठ, शेवाळाचं मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. मोती आणि मणी कोणाच्या रांजणासाठी होते ते सांगायला नको. वस्त्र म्हणजे आपलं गाळणं. यादीत पहिला मान निवळीचा. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधण्याच्या खुणा सांगतो, आणि त्या प्रकरणाच्या शेवटाकडे विहिरीच्या पाण्याचाही इलाज देतो. पाणी गढूळ, तिखट, खारट, बेचव किंवा वासाचं निघालं, तर अंजन, नागरमोथा, वाळा, राजकोशातक आणि आवळा यांची पूड निवळीसह विहिरीत टाकावी. आज ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन विहिरीवर येतो. त्याच्या कामाला असा जुना वारसा आहे, फक्त पिशवीतला माल बदलला.

निवळीचं झाड मध्यम उंचीचं, पानझडी रानातलं. फळ पिकलं की काळं पडतं, आणि आत चपटं, गोल, बटणासारखं बी असतं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हे झाड काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या वंशातलं. काजऱ्याच्या बीतलं विष प्रसिद्धच आहे, ते निवळीच्या बीत नाही. धाकट्या लिनीअसने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या झाडाला ‘स्ट्रिक्नॉस पोटॅटोरम’ असं लॅटिन नाव दिलं. पोटॅटोरम म्हणजे पिणाऱ्यांचं. विषारी घराण्यातल्या झाडाला पाणी पिणाऱ्यांचं नाव मिळालं, म्हणजे त्याची कीर्ती युरोपपर्यंत पोचली होती.

कीर्ती तपशिलात लिहिली ती विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश डॉक्टरने. तो १७७६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासच्या वैद्यकीय सेवेत लागला, पुढे १७९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींवरच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७९५ साली निघाला, आणि त्यात निवळीचं चित्र आहे, वर्णन आहे, वापरही आहे. बिया वाळवून बाजारोबाजार विकल्या जातात. बिनझिलईच्या मातीच्या भांड्यात, आतल्या बाजूने, बी थोडा वेळ जोर लावून गोल घासायचं आणि भांडं तसंच ठेवायचं. थोड्याच वेळात गाळ खाली बसतो. लोक विहिरीच्या स्वच्छ पाण्यापेक्षा तळ्याचं नि नदीचं पाणी पसंत करतात, हेही त्याने नोंदवलं आहे. ते त्याला विचित्र वाटलं असावं. पण गावोगावच्या मचूळ विहिरींचं पाणी ज्याने प्यायलं आहे त्याला वाटणार नाही.

रॉक्सबर्ग पुढे सांगतो की कंपनीच्या फौजेतले दूरदृष्टीचे अधिकारी आणि शिपाई लढाईच्या दिवसांत या बिया जवळ बाळगतात. वाटेत मिळेल त्या डबक्याचं पाणी प्यायची वेळ यायची, तेव्हा हे बटण उपयोगी पडायचं. शिवाय तुरटीपेक्षा निवळी सहज मिळते आणि प्रकृतीला बहुधा कमी अपायकारक असावी, असंही त्याचं मत होतं. म्हणजे १७९५ सालीच या दोघींची तुलना सुरू झाली होती, आणि तेव्हा पारडं बीच्या बाजूने होतं.

ते फिरलं एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं कारण तुरटीहून वेगळंच होतं. प्रश्नच बदलला.

तोवर पाण्याला विचारायचा प्रश्न एकच होता: ते नितळ आहे का? १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने माणसं मरायला लागली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने बोट ठेवलं ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपावर, आणि त्या पंपाच्या पाण्याचा लौकिक चांगला होता. हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा तर चवीसाठी तिथलं पाणी मुद्दाम गाडीतून मागवून घ्यायची. तीही गेली. १८८४ मध्ये रॉबर्ट कोखने कलकत्त्यात तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवला. डोळ्याला दिसतं ते मारत नाही, मारणारं डोळ्याला दिसत नाही, अशी स्थिती झाल्यावर बियांनी पाणी निवळवणाऱ्या बाईची विद्या एका रात्रीत अपुरी ठरली. चुकीची नव्हे, अपुरी. पण शास्त्राच्या दप्तरात या दोन शब्दांसाठी तेव्हा वेगवेगळे खाने नव्हते.

अमेरिकेत त्याच वर्षी, १८८४ मध्ये, आयझाया हायट याने पाण्यात साका धरणारं रसायन मिसळून ते पाणी लगेच वाळूतून वेगाने गाळायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. दहा-बारा वर्षांनी, १८९५ ते १८९७ या काळात, जॉर्ज फुलरने लुईव्हिल शहरात ओहायो नदीच्या चिखलाळ पाण्यावर कसून प्रयोग केले. वेगाने गाळणारी वाळू जंतूही अडवते, पण त्याआधी तुरटीने साका नीट धरला गेला असेल तरच, हे त्याने आकड्यांनिशी दाखवलं. १९०८ मध्ये जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीन कायमचं पडू लागलं. तुरटी, वाळू, क्लोरीन. जगभरच्या जलशुद्धीकरण केंद्रांचा सांगाडा तिथे ठरला, आणि अजून तोच आहे. आपल्याकडच्या केंद्रावरही गढूळता मोजतात, जार टेस्ट घेतात, अ‍ॅलम नाहीतर पीएसी (पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड) सोडतात, क्लॅरिफायर, फिल्टर बेड, शेवटी क्लोरीन.

या सांगाड्यात बीला जागा नव्हती. तुरटी गोण्यांतून येते, वर्षानुवर्षं टिकते, प्रत्येक गोणीचा गुण सारखा असतो. बी झाडागणिक, हंगामागणिक बदलतं. लाखो लिटर पाण्याला रात्रपाळीत मात्रा ठरवणाऱ्या माणसाला भरवसा हवा असतो, आणि तो त्याला रसायनाने दिला. घरातही तुरटीच आली. पावसाळ्यात दोऱ्याला बांधलेला तुरटीचा खडा हंड्यात दोन-चार वेळा फिरवून बाजूला ठेवायची रीत पुष्कळांनी पाहिली असेल. तो खडा निवळीच्या जागेवर बसलेला आहे, हे फिरवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

निवळीची आठवण पुन्हा निघाली ती नागपुरात. १९५८ साली तिथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी राहिली. १९७४ पासून आपण तिला नीरी म्हणून ओळखतो. तिच्या नियतकालिकात १९६२ मध्ये सेन आणि बुलुसू यांचा निवळीवरचा लेख आला, १९६५ मध्ये बुलुसू आणि शर्मा यांनी प्रायोगिक केंद्रावर निवळी वापरून पाहिल्याचा. या कामात निवळीची भूमिका बहुतेक तुरटीच्या मदतनिसाची होती. तुरटी मुख्य, बी हाताखाली. साका मोठा नि जड व्हायला ती मदत करायची, तुरटी कमी लागायची. गंमत म्हणजे ह्याच बुलुसूंचं नाव पुढे गाजलं ते नलगोंडा तंत्रासाठी. त्यात पाण्यातलं फ्लोराइड काढायला तुरटी आणि चुना लागतो.

१९७६ मध्ये त्रिपाठी, चौधुरी आणि बोकील यांनी निवळीच्या बीतला काम करणारा पदार्थ तपासला, तर तो ऋण विद्युतभाराचा निघाला. हे कोडं आहे. गढूळ पाण्यातले मातीचे सूक्ष्म कणही ऋणभारितच असतात. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून तर ते कण एकत्र येत नाहीत आणि तासन्‌तास खाली बसत नाहीत. तुरटी पाण्यात धनभार सोडून हे वैर मोडते. मग ऋणभाराचं बी काय करत असेल? निवळीतले लांबलचक शर्करारेणू दोऱ्यासारखे एका कणाला नि दुसऱ्या कणाला एकाच वेळी धरतात, पूल बांधतात, असं त्याचं उत्तर दिलं जातं. भांडण न मिटवता दोघांना एकाच दोरीत बांधायचं. खरखरीत मातीच्या भांड्यात घासल्याशिवाय हे दोरे बीतून सुटत नाहीत, म्हणून कालिदासाचा तो घासण्याचा शब्द महत्त्वाचा.

प्रयोगशाळेत एवढं समजलं तेव्हा घराघरांतून निवळी जवळपास गेलेलीच होती. विचारायला जावं अशी रांजण भरणारी बाई उरली नव्हती.

ती सापडली नाईलकाठी.

सुदानमध्ये नाईलला पूर येतो तो इथियोपियाच्या पहाडातून उतरणाऱ्या निळ्या नाईलमुळे. जुलैपासून पाणी चढतं, ऑगस्टच्या अखेरीस पूर भरात येतो आणि नावाने निळी असलेली नदी चहाच्या रंगाची, मग विटकरी, मग जवळजवळ काल्यासारखी होते. तेच पाणी भरायचं, तेच प्यायचं. घरात झीर असतो, म्हणजे बिनझिलईचा मातीचा मोठा रांजण, लाकडी किंवा लोखंडी घोडीवर ठेवलेला. पाझरतो, गार राहतो. आपल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही.

झीरमधलं पाणी निवळायला नाईलकाठच्या बायका एक विशिष्ट माती वापरायच्या. तिला रवाक म्हणतात. निवळवणारी, असा त्याचा अर्थ. चिखल काढायला माती टाकायची हे उफराटं वाटतं, पण योग्य जातीची चिकणमाती टाकली तर बारीक कणांना जड कणांची सोबत मिळते आणि सगळे मिळून तळ गाठतात. काही भागांत विशिष्ट झुडपांची मुळं वापरत. नाईलच्या खालच्या अंगाला, इजिप्तमध्ये, बदाम. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथे राहून आलेल्या प्रॉस्पेरो अल्पिनी या व्हेनिसच्या वैद्याने भांड्याला ठेचलेले बदाम चोळून नाईलचं पाणी निवळवायची रीत लिहून ठेवली आहे.

आणि काही गावांत एक झाड होतं, ‘शजरत अल्‌ रवाक’. मातीचं नाव झाडाला लागलं: निवळवणारं झाड. म्हणजे अक्षरशः निवळी. मात्र हे झाड निवळीचं नव्हतं. तो आपला शेवगा होता.

शेवगा मूळचा हिमालयाच्या वायव्येकडच्या पायथ्याचा. सुदानवर १८९९ ते १९५६ ब्रिटिश-इजिप्शियन अंमल होता, त्या काळात तो तिकडे गेला, बंगल्यांच्या बागांत शोभेला, कुंपणाला. साहेबांना त्याची पांढरी फुलं हवी होती. शेंगा कोणी मागितल्या नव्हत्या, आमटी कोणाला माहीत नव्हती. शेंगा झाडावरच जून व्हायच्या, वाळायच्या, तडकायच्या, आणि तीन पापुद्र्यांचे पंख लावलेल्या बिया कुंपणाखाली पडायच्या. तिथून त्या झीरपर्यंत कशा पोचल्या, पहिली चिमूट कोणी टाकली, याची नोंद अर्थातच नाही. ज्यांना मातीचे प्रकार पारखायची सवय होती, त्यांनी एका परक्या झाडाचं बीही पारखलं. आणि हे एका पिढी-दोन पिढ्यांत घडलं. परंपरा म्हटली की आपण दोन हजार वर्षं मागे बघतो. ही परंपरा साहेबाच्या कुंपणाएवढीच जुनी होती.

आपल्याकडे? सुश्रुताच्या यादीत शेवगा नाही. आपण त्याच्या शेंगा कोवळ्या असतानाच तोडल्या, आमटीत घातल्या, पाल्याची भाजी केली, फुलांची केली. बी पिकायला झाडावर राहीलच कसं?

सामिया अल अझहरिया यान या जर्मन शास्त्रज्ञ १९७०च्या दशकात सुदानमध्ये या कामात शिरल्या. त्यांचं वेगळेपण असं की त्यांनी प्रयोगशाळेतून सुरुवात केली नाही. गावोगाव जाऊन बायकांना विचारलं: पाण्यात काय घालता? किती? कसं ढवळता? किती वेळ ठेवता? मग ते सगळं घेऊन त्या प्रयोगशाळेत गेल्या. खार्टूम विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हमीद दिरार यांच्यासह त्यांनी लिहिलेला सुदानमधल्या नैसर्गिक साका-द्रव्यांवरचा निबंध १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका पाणीविषयक नियतकालिकात आला, आणि त्यात विशेष भर शेवग्यावर होता. पारंपरिक जलशुद्धीवरचं त्यांचं पुस्तक जर्मन सरकारच्या तांत्रिक साहाय्य संस्थेने, जीटीझेडने, १९८१ मध्ये काढलं. आफ्रिकेतल्या साका धरणाऱ्या वनस्पती नीट कशा वापरायच्या याचं दुसरं १९८६ मध्ये. मनुस्मृतीपासून रॉक्सबर्गपर्यंत जे कोणी केलं नाही ते इथे झालं. रांजण भरणारीची साक्ष तपशिलात, मात्रेसकट, कागदावर आली.

कृती अशी. झाडावरच वाळलेल्या शेंगांतल्या बिया घ्यायच्या, हिरव्या शेंगेतल्या चालत नाहीत. पंख आणि टरफल काढून आतला पांढरा गर कुटायचा. थोड्या स्वच्छ पाण्यात कालवला की दुधासारखं पाणी होतं, ते फडक्यातून गाळायचं आणि गढूळ पाण्यात ओतायचं. आधी मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पाच-दहा मिनिटं अगदी सावकाश. नंतर तास-दोन तास हात लावायचा नाही. मात्रा गढूळपणावर, लिटरला साधारण ३० ते २०० मिलिग्रॅम. जलशुद्धीकरण केंद्रातल्या अभियंत्याने हे वाचलं तर तो हसेल, कारण जोरात ढवळणं, मग हळू ढवळणं, मग स्थिर ठेवणं या त्याच्याच केंद्राच्या तीन टाक्या आहेत. बाईच्या एका झीरमध्ये त्या तिन्ही होत्या.

शेवग्याचं बी निवळीसारखं दोऱ्याने बांधत नाही. ते तुरटीच्या वाटेने जातं. १९९५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी त्याचा उलगडा केला. कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठात न्दाबिगेंगेसेरे, नरसय्या आणि टाल्बो यांनी, आणि जर्मनीत गासेनश्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी. बीत लहान आकाराची, ठळक धनभाराची प्रथिनं असतात. ती ऋणभाराच्या मातीच्या कणांना चिकटतात, त्यांचं एकमेकांना ढकलणं थांबतं, कण गुठळ्या होऊन खाली बसतात. शेरब्रुकच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. तुरटीच्या मानाने तळाशी बसणारा गाळ आकारमानाने चार-पाच पटींनी कमी होता. तुरटीने पाणी आम्लाकडे झुकतं, मग चुना घालून सावरावं लागतं. बीने तसं काही होत नाही.

गाळाबरोबर जंतूही तळाशी जातात, कारण त्यातले पुष्कळसे मातीच्या कणांना धरूनच असतात. १९८७ मध्ये मॅडसन, श्लुंट आणि ओमेर यांनी सुदानमधल्या प्रयोगांत जंतू ९० ते ९९.९९ टक्के कमी झाल्याचं दाखवलं. इथवर वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण त्याच निबंधात पुढची ओळही आहे. चोवीस तासांत जंतू पुन्हा वाढू लागतात. बीबरोबर पाण्यात प्रथिनं, शर्करा असं खाद्यही जातं, आणि उरलेल्या जंतूंना ते आयतं मिळतं. म्हणून निवळलेलं पाणी वरच्या वर दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं, त्याच दिवशी संपवायचं, आणि प्यायच्या आधी उकळायचं किंवा क्लोरीन टाकायचं. कोखने अपुरी ठरवलेली विद्या अजूनही अपुरीच आहे. शेवग्याच्या बियांनी पाणी शंभर टक्के शुद्ध होतं असं सांगत फिरणाऱ्यांनी हा निबंध शेवटपर्यंत वाचलेला नसतो.

मोठ्या प्रमाणावर जमेल का, हे पाहायचं राहिलं होतं. ते धाडस मलावीत झालं. देशाला समुद्रकिनारा नाही, तुरटी परदेशातून आणायची, परकीय चलन कमी. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाचे जॉन सदरलँड आणि जेफ फोकार्ड यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या थ्योलो इथल्या जलशुद्धीकरण केंद्रात पावसाळ्याच्या दिवसांत तुरटीच्या जागी शेवग्याचं बी लावलं. तासाला ६० घनमीटरचं खरं केंद्र, खऱ्या गावाचं पाणी. आत येणारी गढूळता २७० ते ३८० एनटीयू (गढूळता मोजायचं एकक), बाहेर पडणारी ४ च्या खाली. तुरटीइतकंच चांगलं काम झालं.

मग जगभर ते का पसरलं नाही? मला वाटतं, उत्तर रसायनशास्त्रात कमी आणि बाजारात जास्त आहे. कोवळी शेंग भाजीबाजारात लगेच पैसे देते. ती पिकू द्यायची, महिनाभर वाट पाहायची, मग बी काढायचं, सोलायचं, आणि तेवढ्या श्रमाला तुरटीच्या भावाशी झुंजायचं. आपल्याकडचा शेवगा लावणारा शेतकरी हा हिशेब बोटांवर करून मोकळा होईल. सदरलँड-फोकार्ड यांनी यावर सुचवलेला तोडगा मला शहाणपणाचा वाटतो. बीत ३५ ते ४० टक्के तेल असतं, उत्तम प्रतीचं. जुन्या काळी घड्याळाच्या यंत्रांना नि अत्तरांना ते बेन ऑइल या नावाने लागायचं. तेल काढून विकायचं आणि उरलेली पेंड पाण्याला वापरायची, कारण साका धरणारी प्रथिनं पाण्यात विरघळणारी, ती तेलात जात नाहीत, पेंडीतच राहतात. म्हणजे पाण्याचं औषध फुकटात पडतं. तेलाला गिऱ्हाईक मिळालं तर.

शहराच्या केंद्रात मात्र अभियंता अजूनही मान हलवतो, आणि त्याचं बरोबर आहे. पाण्यात उरणारा सेंद्रिय अंश क्लोरीन खातो, नळात वास येऊ शकतो. शुद्ध प्रथिन वेगळं काढून वापरलं तर हे टळतं, पण मग स्वस्ताई संपते. बीचं खरं घर रांजण आहे. जिथे केंद्र नाही, नदी आहे, पूर आहे आणि पाणी त्याच दिवशी संपणार आहे, तिथे.

२००५ मध्ये बाबू आणि चौधुरी यांनी घरगुती पाण्यासाठी एक साधी गाळणी तपासली. पाण्यात बीचा अर्क मिसळायचा आणि ते थेट वाळूतून गाळायचं. त्यांनी घेतलेल्या बिया दोन झाडांच्या होत्या, निवळी आणि शेवगा. यातले चौधुरी म्हणजे १९७६ साली निवळीचा भार मोजणाऱ्यांपैकी एक. जंगलातलं बी, जे आपण विसरलो, आणि परसातलं बी, जे आपल्याला कधी माहीतच नव्हतं, ती दोन्ही एका निबंधाच्या एका तक्त्यात शेजारी शेजारी बसली.

नाईलकाठी पुराच्या दिवसांत झीर रोज रिकामा करून घासावा लागतो. वरचं पाणी काढून घेतलं की तळाशी तपकिरी, मऊ गाळाचा थर राहतो. तो हाताने सैल करून अंगणात ओततात. कालचं बी त्यातच असतं.